भोवरा-दीर्घिकेचें दर्शन

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाच्या पुस्तकांत छापलेलें एखाद्या सर्पिल दीर्घिकेचें रंगीत चित्र आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. मध्यभागीं पिवळसर तेजाचा गोळा, त्यांतून निघून त्याच्याच भोंवतीं गुंडाळत गेलेले निळसर बाहू, बाहूंवर जागोजाग गुलाबी ठिपके आणि त्यांच्या कडेनें धुळीच्या काळसर रेघा, असें तें मनोहर चित्र असतें. हें चित्र मनांत धरून जो कोणी प्रथमच लहान दुर्बिणीला डोळा लावतो, त्याची पहिल्या क्षणीं बहुधा निराशा होते. ही निराशा कां होते, सरावानें ती कशी दूर होते, आणि डोळ्यास जें दिसत नाहीं तें शास्त्रज्ञांस कसें कळलें, हें एका दीर्घिकेच्या उदाहरणानें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दीर्घिका म्हणजे काय तें पाहूं. काळोख्या निरभ्र रात्रीं आकाशांत जो दुधी पट्टा दिसतो त्यास आपण आकाशगंगा म्हणतों. तो पट्टा म्हणजे आपण ज्या प्रचंड तारकासमूहांत राहतों त्याचा आंतून दिसणारा देखावा होय. या समूहांत आपल्या सूर्यासारखे लहानमोठे निदान दहा हजार कोटी तारे आहेत. असे अगणित तारकासमूह विश्वांत परस्परांपासून फार दूर पसरलेले आहेत. त्यांनाच दीर्घिका म्हणतात. त्यांतील ज्यांचा आकार पाण्याच्या भोवऱ्यासारखा दिसतो त्या सर्पिल दीर्घिका. आपली दीर्घिकाही त्याच जातीची आहे. परंतु घरांत बसलेल्या मनुष्यास आपल्या घराचें छप्पर दिसत नाहीं, तद्वत् आपणांस तिचा आकार सरळ पाहतां येत नाहीं. म्हणून दुसऱ्या दीर्घिकांकडे पाहावें लागतें.

अशा दीर्घिकांमध्यें मेसिये-५१ ही फार प्रसिद्ध आहे. तिला ‘भोवरा-दीर्घिका’ असेंच नांव पडलें आहे. तिचें ठिकाण शोधणें अवघड नाहीं. सप्तर्षि सर्वांस परिचित आहेत. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी, अशी त्यांची पतंगासारखी आकृति आहे. शेपटीच्या मधला तारा वसिष्ठ. त्याच्या अगदीं जवळ अरुंधतीचा बारीक तारा आहे. शेपटीच्या टोंकाचा तेजस्वी तारा तो मरीचि. मरीचीपासून पश्चिमेस सुमारें दोन अंशांवर एक मंद तारा आहे, आणि तेथून दक्षिणेकडे, किंचित् पश्चिमेस कलून, तितक्याच अंतरावर आपली दीर्घिका आहे. मरीचीपासून तिचें सरळ अंतर साडेतीन अंश, म्हणजे सात पूर्णचंद्र एका ओळींत ठेवले असतां जेवढी लांबी होईल तेवढें आहे. हा भाग शामशबल नांवाच्या लहानशा तारकासमूहांत मोडतो. महाराष्ट्रांतून पाहतां ही दीर्घिका उत्तरेस सुमारें साठ अंश उंचीपर्यंत चढते. एप्रिलच्या अखेरीस ती मध्यरात्रीच्या सुमारास, तर मेच्या अखेरीस रात्रीं पावणेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असते. पुढें पावसाळा लागतो, म्हणून मार्च ते मे हेच तिच्या दर्शनाचे महिने समजावेत.

गेल्या एप्रिलांत अमावास्येच्या जवळची रात्र पाहून, वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी व विद्यार्थिनी आणि त्यांचे पालक यांस बरोबर घेऊन आम्ही शहरापासून दूर एका पठारावर गेलों. बरोबर सहा इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. काळ्या कातळावर घोंगड्या अंथरून सर्व बसले. मीं सर्वांस हातांतील दिवे व मोबाइल बंद करण्यास सांगितलें आणि अर्धा तास कोणीही दुर्बिणीपाशीं येऊं नये असें बजावलें. मुलांस हें थोडें जाचलें. परंतु याचें कारण ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या सूक्ष्म पेशी आहेत. एका प्रकारच्या पेशी पडद्याच्या मध्यभागीं दाट असतात. त्यांच्या योगें आपणांस रंग आणि बारकावे दिसतात, परंतु त्यांस भरपूर प्रकाश लागतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी मध्यापासून दूर पसरलेल्या असतात. त्यांस रंग कळत नाहीं, पण अत्यंत मंद प्रकाशही कळतो. अंधारांत वीस ते तीस मिनिटें काढल्यावर या दुसऱ्या पेशी चांगल्या जाग्या होतात, आणि पांढऱ्या दिव्याची एक तिरीपही त्यांस पुन्हां आंधळें करण्यास पुरते. म्हणून निरीक्षक केवळ मंद तांबडा दिवा वापरतात. यावरून आणखीही एक युक्ति निघते. मंद वस्तूकडे रोखून पाहूं नये. तिच्या जरा बाजूस दृष्टि ठेवावी, म्हणजे तिचा प्रकाश त्या तीव्र पेशींवर पडतो. सरळ पाहतां नाहींशी होणारी वस्तु तिरप्या दृष्टीनें पाहतां प्रगट होते, हा अनुभव प्रत्येकानें घेऊन पाहावा.

अर्ध्या तासानंतर मीं मरीचीपासून वाट काढीत दुर्बीण त्या जागीं नेली आणि एकेकास बोलाविलें. प्रथम एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं पाहिलें. ते कांहीं क्षण स्तब्ध राहिले आणि मग सौजन्यानें म्हणाले, “सर, कांचेवर कोणाचा श्वास लागला आहे काय? दोन धुरकट डाग दिसत आहेत.” मीं म्हटलें, “तेच ते.” त्यांच्या मुद्रेवरील आश्चर्यांत जी निराशा मिसळलेली होती ती अंधारांतही लपली नाहीं. खरोखरच सहा इंची दुर्बिणींतून प्रथम एवढेंच दिसतें. एक मोठा व एक लहान असे दोन करडे पुंजके जवळजवळ असतात. दोहोंच्या मध्यभागीं तेज अधिक असतें आणि कडा हळूहळू काळोखांत विरून जातात. मोठा पुंजका ही भोवरा-दीर्घिका, आणि लहान ही तिची सोबतीण. रंगाचा मागमूसही नसतो, कारण इतक्या मंद प्रकाशांत रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहींत. छायाचित्रांत दिसणारे रंग कॅमेऱ्यानें मिनिटेंच्या मिनिटें किंवा तासचे तास प्रकाश सांठवून मिळविलेले असतात. डोळ्यास असा सांठा करतां येत नाहीं.

मग मीं सर्वांस कागद व शिसपेन देऊन, जें दिसलें तें काढण्यास सांगितलें. तांबड्या दिव्याच्या उजेडांत सर्वांनीं चित्रें काढलीं. एका हुशार विद्यार्थ्यानें फारच सुरेख भोवरा काढला होता. दोन्ही बाहू मध्यापासून सुटून नीट वळले होते आणि एक बाहु सोबतिणीपर्यंत पोंचला होता. आठव्या इयत्तेंतील एका मुलीनें मात्र शिसपेनच्या भुकटीनें बोट घासून दोन डाग काढले होते आणि खालीं लिहिलें होतें, “मला एवढेंच दिसलें.” चित्रें हातोहात फिरलीं तेव्हां भोवऱ्याच्या चित्राची वाहवा झाली, आणि ती मुलगी आपला कागद मागें लपवूं लागली. तेव्हां मला माझीच एक जुनी गोष्ट सर्वांस सांगावी लागली.

कॉलेजांत असतांना एका मित्राच्या दुर्बिणींतून मीं हीच दीर्घिका पाहिली होती. ती दुर्बीण तर चारच इंचांची होती. मला जें दिसलें तें या मुलीच्या चित्राहूनही अंधुक होतें. परंतु पुस्तकांतील चित्र मला पाठ होतें. दुसऱ्या दिवशीं मित्रांस दाखविण्यास कांहीं तरी हवें म्हणून मीं वहींत दोन बाहूंचा भोवरा काढला आणि खालीं तारीख, वेळ व दुर्बिणीचें माप लिहिलें. ती वही अद्याप माझ्याजवळ आहे. तींतील इतर कित्येक चित्रें खरीं असतील. पण या एका पानामुळें आज मला त्यांपैकीं एकावरही पुरता विश्वास ठेवतां येत नाहीं. ही गोष्ट ऐकून तो विद्यार्थी जरा वेळानें हलकेच म्हणाला, “सर, मलाही बाहू दिसले नव्हते, पण दिसले असें काढतांना वाटलें खरें.” त्याचें म्हणणें मला प्रामाणिक वाटलें. अपेक्षा मनांत बळकट असली म्हणजे दिसणें आणि वाटणें यांतील सीमा पुसट होते. या दीर्घिकेचा इतिहास पाहिला तर मोठमोठ्या ज्योतिर्विदांसही ही अडचण पडलेली आहे.

फ्रान्समधील शार्ल मेसिये हा धूमकेतु शोधणारा निरीक्षक होता. धूमकेतु नसून धूमकेतूसारखे दिसणारे पुंजके त्याच्या शोधांत व्यत्यय आणीत, म्हणून त्यानें त्यांची यादी केली. १३ ऑक्टोबर १७७३ रोजीं त्यास हा पुंजका प्रथम आढळला आणि पुढें तो त्याच्या यादींत ५१ वा ठरला. मार्च १७८१ मध्यें पिएर मेशें यानें शेजारच्या लहान पुंजक्याची नोंद केली. पुढें इंग्लंडमध्यें जॉन हर्शेल यानें अठरा इंची आरशाच्या दुर्बिणींतून तो पाहिला आणि १८३३ मध्यें त्याचें चित्र प्रसिद्ध केलें. त्या चित्रांत मध्यें तेजस्वी गोळा असून त्याच्या भोंवतीं एक कडें आहे, आणि तें कडें एका बाजूस दुभंगलेलें आहे. बाहूंचे तुकडे त्याच्या दृष्टीस पडले होते, परंतु मनानें ते जोडून त्यांचें वर्तुळ बनविलें.

त्यानंतर आयर्लंडांतील पार्सन्सटाउन, ज्यास आतां बर म्हणतात, तेथील जमीनदार विल्यम पार्सन्स, अर्ल ऑफ रॉस, यांनीं तांबें व कथील यांच्या मिश्रधातूचा सहा फूट व्यासाचा आरसा ओतविला. त्याचें वजन सुमारें तीन टन होतें आणि दुर्बिणीची नळी पन्नास फुटांहून लांब होती. एवढें अवजड यंत्र दोन उंच दगडी भिंतींच्या मध्यें टांगलें होतें. त्यामुळें तें वरखालीं फिरे, परंतु बाजूस थोडेंच वळे. १८४५ च्या वसंत ऋतूंत त्यांनीं तें मेसिये-५१ कडे वळविलें आणि त्यांस कडें न दिसतां भोवरा दिसला. आकाशांतील एखाद्या पुंजक्याचा आकार सर्पिल असतो हें मानवास प्रथम त्या वेळीं समजलें. त्याच वर्षीं जूनमध्यें केंब्रिज येथें भरलेल्या विद्वानांच्या सभेंत त्यांनीं आपलें चित्र मांडलें.

परंतु त्याच वर्षाच्या शरदांत आयर्लंडांतील बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि घोर दुष्काळ सुरू झाला. त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. जगांतील सर्वांत मोठी दुर्बीण हाताशीं असतांही रॉस यांनीं आपला वेळ व द्रव्य दुष्काळनिवारणाकडे लाविलें आणि नियमित निरीक्षणें कांहीं वर्षें थांबलीं. नभोमंडळाचें वेड असलेल्या मनुष्यानें पायाखालच्या भूमीकडे पाहण्यास कुचराई केली नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी.

रॉस यांच्या चित्राविषयीं कित्येकांस शंका होती. डोळ्याचा भ्रम असावा असेंही म्हटलें जाई. १८८९ मध्यें आयझॅक रॉबर्ट्स यांनीं या दीर्घिकेचें छायाचित्र घेतलें आणि भोवरा खरा ठरला. पण छायाचित्र मिळालें म्हणून मनाची फसगत संपली असें नाहीं. अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंतील आद्रियान व्हान मानेन हे अत्यंत काळजीपूर्वक मोजमाप करणारे ज्योतिर्विद होते. १९१६ पासून त्यांनीं सर्पिल पुंजक्यांचीं कांहीं वर्षांच्या अंतरानें घेतलेलीं छायाचित्रें ताडून पाहिलीं आणि ते पुंजके फिरतांना दिसतात असें जाहीर केलें. त्यांत मेसिये-५१ ही होती. थोड्या वर्षांत फिरणें दिसावें तर पुंजका जवळच असला पाहिजे, नाहींतर त्याच्या कडेचा वेग प्रकाशाहूनही अधिक निघेल. त्यामुळें हे पुंजके आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचे नव्हेत, असें मानणाऱ्यांस मोठा आधार मिळाला. २६ एप्रिल १९२० रोजीं वॉशिंग्टन येथें शॅप्ली आणि कर्टिस यांचा जो प्रसिद्ध वाद झाला त्यांतही शॅप्ली यांनीं या मोजमापांचा आधार घेतला.

हा वाद मिटला तो एका निराळ्या मार्गानें. कांहीं ताऱ्यांचें तेज ठराविक काळांत कमीजास्त होतें. हा काळ जितका मोठा तितका तो तारा मुळांत अधिक तेजस्वी असतो, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीनें १९१२ मध्यें मांडला होता. दूरच्या गांवांतील दिवा किती शक्तीचा आहे हें माहीत असल्यास, तो किती मंद दिसतो यावरून गांवाचें अंतर काढतां येतें, तसाच हा हिशोब आहे. १९२३ मध्यें एडविन हबल यांस देवयानीच्या पुंजक्यांत असा तारा सांपडला आणि तो पुंजका आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचें सिद्ध झालें. पुढें १९३५ मध्यें हबल यांनीं व्हान मानेन यांचें काम पुन्हां तपासलें. त्यांत मेसिये-५१ चीही छायाचित्रें होतीं. फिरणें कोठेंच आढळलें नाहीं. व्हान मानेन यांनींही आपलीं मोजमापें सावधपणें घ्यावींत असें कबूल केलें. दीर्घिका फिरतात हें खरें. परंतु एका फेरीस कोट्यवधि वर्षें लागतात. आपला सूर्य आपल्या दीर्घिकेभोंवतीं एक प्रदक्षिणा वीस ते पंचवीस कोटी वर्षांत करतो. असें फिरणें दोनचार वर्षांच्या छायाचित्रांत त्या काळच्या यंत्रांनीं दिसणें शक्यच नव्हतें.

आतां बाहूंविषयीं थोडें सांगतों. हे बाहू दोरीसारखे बांधलेले नसतात. तसे असते तर आंतला भाग लवकर व बाहेरचा सावकाश फिरल्यामुळें ते थोड्याच फेऱ्यांत गुंडाळून नाहींसे झाले असते. बाजाराच्या दिवशीं घाटाच्या चढणीवर बैलगाड्यांची दाटी होते. प्रत्येक गाडी तेथें मंदावते आणि कांहीं वेळानें पुढें निघून जाते, पण मागून नव्या गाड्या येत असल्यानें दाटी त्या जागीं कायम दिसते. दीर्घिकेचे बाहूही असेच दाटीचे पट्टे आहेत, असा सिद्धान्त लिन आणि शू यांनीं १९६४ मध्यें मांडला. या दाटींत वायु दाबला जाऊन नवे तारे जन्मतात आणि त्यांतील मोठ्या ताऱ्यांच्या तेजानें बाहू उजळतात. मेसिये-५१ चे बाहू इतके ठळक असण्याचें कारण तिची सोबतीण होय. ती जवळून गेल्यामुळें तिच्या आकर्षणानें मोठ्या दीर्घिकेंत भरतीसारखी ओढ उत्पन्न झाली, असें आलार व यूरी टूम्रे या बंधूंनीं १९७२ मध्यें संगणकावर गणित करून दाखविलें.

या दीर्घिकेंत १९९४, २००५ आणि २०११ या वर्षीं तारे फुटलेले दिसले. अशा ताऱ्यांस अतिनवतारे म्हणतात. फुटलेला एकच तारा कांहीं आठवडे इतका तेजाळतो कीं, एवढ्या अंतरावरूनही तो वेगळा दिसतो. असा नवा ठिपका ओळखण्यास हौशी निरीक्षकांच्या नोंदींचा मोठा उपयोग झालेला आहे. पण काल तेथें काय होतें हें ज्यानें खरें लिहून ठेवलें असेल, त्यासच आज तेथें काय नवें आहे तें सांगतां येईल.

अंतराचा विचार करूं लागलें म्हणजे मति गुंग होते. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लक्ष किलोमीटर जातो. सूर्यापासून आपल्यापर्यंत येण्यास त्यास आठ मिनिटें व वीस सेकंद लागतात. मरीचीपासून येण्यास शंभराहून थोडींच अधिक वर्षें लागतात. भोवरा-दीर्घिकेपासून निघालेल्या प्रकाशास मात्र अलीकडील मोजमापांप्रमाणें सुमारें दोन कोटी ऐंशी लक्ष वर्षें प्रवास करावा लागला आहे. तो निघाला तेव्हां पृथ्वीवर मनुष्य नव्हता. आम्ही ज्या काळ्या कातळावर बसलों होतों तो मात्र होता. दख्खनचा हा लाव्हारसाचा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा आहे. हें सांगितल्यावर ते मघाचे गृहस्थ कोणीही न सांगतां पुन्हां दुर्बिणीपाशीं गेले आणि या वेळीं बराच वेळ पाहत राहिले.

मेमध्यें आम्हांस दहा इंची दुर्बिणींतून पाहण्याची संधि मिळाली. आकाश अधिक काळोखें होतें. भोवऱ्याचें चित्र काढणारा तो विद्यार्थी त्या रात्रीं पाऊण तास आळीपाळीनें पाहत होता. त्यानें नवें चित्र काढलें. त्यांत दोन डाग होते, आणि मोठ्या डागाच्या एका बाजूस तुटक वळणाची एकच फिकी कमान होती. शेजारीं त्यानें लिहिलें होतें, “तिरप्या दृष्टीनें तीन वेळां दिसली, दुसऱ्या बाजूची दिसली नाहीं.” हें चित्र पहिल्याइतकें सुंदर नाहीं. परंतु मीं तें त्या मुलीच्या चित्राशेजारीं प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलें आहे, आणि माझ्या वहींतील त्या जुन्या पानावर तांबड्या शाईनें “हें पाहिलेलें नाहीं” असें लिहून सही केली आहे.

पालकांस एक विनंति आहे. मुलांस दुर्बीण घेऊन देणें प्रत्येकास शक्य नसेल, परंतु उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं गेल्यावर एक रात्र त्यांच्यासमवेत अंगणांत दिवे मालवून बसणें बहुतेकांस शक्य आहे. मरीचि शोधावा, अरुंधती दिसते काय पाहावें, आणि मुलानें “मला दिसत नाहीं” असें म्हटलें तर त्यास रागावूं नये. पुन्हां पाहण्यास सांगावें आणि त्याची नोंद तशीच लिहून ठेवण्यास सांगावें. विद्यार्थ्यांनो, येत्या एप्रिलांत आपण त्या पठारावर पुन्हां जाणार आहोंत. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं एक वही, एक शिसपेन आणि खोडरबर आणावें.